हाकेच्या अंतरावर

४ फेब्रुवारी, मंगळवार

ज्यांच्या कानात नसलेले आवाज येतात त्यांना आम्ही दवाखान्यात एक वही देतो. आवाज कधी आला, किती वेळ राहिला, तेव्हा तुम्ही काय करत होतात, एवढंच लिहायचं असतं. आज बाबांनाही दिली. त्यांनी उघडून कागदाचा दर्जा पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवली. "अडतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. आता माझी वही कुणी तपासायची नाही." म्हणून ही मीच लिहितेय, त्यांच्या वतीने.

झालं असं, की गेल्या बुधवारी ते रस्ता ओलांडत होते आणि मागून ट्रक आला. भोंगा वाजवून वाजवून ड्रायव्हर शेवटी खाली उतरला आणि दंडाला धरून त्याने त्यांना बाजूला केलं. बाबा त्याला म्हणाले, "ओरडू नका, मला ऐकू येतंय." घरी आल्यावर त्यांनी हे विनोद म्हणून सांगितलं. मला हसू आलं नाही. सतरा वर्षं मी परक्यांचे कान तपासतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आज त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं. खोली कसली, जाड भिंतींचं कपाटच ते. आत बाबा, काचेच्या बाहेर मी. त्यांच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं, माझ्या बाजूला हिरवा दिवा लागतो. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग मी यंत्र थांबवून नोंद लिहायला मान खाली घातली, तर दिवा लागला. मी काहीच वाजवलं नव्हतं. होतं असं कधीकधी, वाट बघून बघून माणसाला भास होतो. दिवा विझला, परत लागला, आणि मग लागलेलाच राहिला. काचेतून पाहिलं तर बाबांनी डोळे मिटले होते आणि मान हळूहळू हलत होती, ताल धरल्यासारखी.

बाहेर आल्यावर म्हणाले, "शेवटी गाणं कशाला लावलंस? तपासणीत गाणं असतं का?"

"कुठलं गाणं, बाबा?"

 ते चष्मा काढून पुसायला लागले. "काही नाही," म्हणाले. चष्मा स्वच्छच होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीचा आलेख घरी आणला. दुसऱ्या कुणाला तो समजावून सांगावा लागला असता, बाबांना नाही. शाळेत त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं, आणि ध्वनी हा त्यांचा लाडका धडा. त्यांनी रेषेवरून बोट फिरवलं. डावीकडून रेषा जरा सरळ जाते आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली येते.

"असं किती दिवसांत होतं?"

"दिवसांत नाही, बाबा. हे सात-आठ वर्षांचं काम आहे."

"म्हणजे मागच्या वर्षीही असाच असणार."

"जवळजवळ असाच."

त्यांनी आलेख घडी करून वाचत असलेल्या पुस्तकात ठेवला. "सुबक काढलायस," म्हणाले.

आई जूनमध्ये गेल्यापासून बाबांचं लक्ष नसतं, असं मी आणि ताई म्हणत होतो. लक्ष कसलं, कान गेले होते, आणि तेही कधीचेच. आता आठवतं, कुणी आलं की आई बाबांच्या शेजारी बसायची आणि पाहुण्याचं प्रत्येक वाक्य फिरवून त्यांना सांगायची, "ते विचारतायत, तुमची झोप कशी आहे." आम्ही तिला चिडवायचो, की आईला मध्ये मध्ये बोलल्याशिवाय चैन पडत नाही. ती त्यांचे कान होती आणि आम्हाला ते कळलं नाही. मला तर कळायलाच हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज आपणहून बोलले. दुपारी साडेतीनच्या पुढे, ते आपल्या खुर्चीत असतात तेव्हा, स्वयंपाकघरातून आई गाताना ऐकू येते. शब्द नसतात, नुसती चाल. भांडी पुसताना ती गुणगुणायची तीच.

"रोज?"

"जवळजवळ."

"कधीपासून?"

"पावसाळा संपत आला तेव्हापासून."

पाच महिने! आणि हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवत होता.

मी त्यांना नीट सांगितलं. कानाकडून काही येईनासं झालं की मेंदू गप्प बसत नाही, कोठारातलं जुनं काढून वाजवत बसतो. उपाशी माणसाला ताटाची स्वप्नं पडतात तसं. हा वेडाचा प्रकार नाही. माझ्याकडे असे चार-पाच पेशंट आहेत. एका बाईंना शाळेतली कवायतीची घंटा ऐकू येते. कानाला मशीन लावलं, बाहेरचे आवाज परत आत जायला लागले, की हे बहुतेकांचं थांबतं.

चांगल्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पटतं," म्हणाले. आणि मग, "मशीनची घाई आहे का?"

मी म्हटलं, कानाचे साचे घ्यायचे, मशीन मागवायचं, आठवडाभर जाईलच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी ताईला सांगायला नको होतं. तीन गल्ल्या ओलांडून ती चपला हातात घेतल्यासारखी धावत आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. डोळे मिटून. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

"आई आहे," म्हणाली.

ताई आईवर गेलीय. आई पहाटे उठून तासभर डोळे मिटून बसायची, ताईही बसते. मी बाबांवर. लहानपणी घरात दोन पक्ष होते आणि जेवताना सभागृह भरायचं. आई म्हणायची, तुमचं ते मोजणं, माझं हे ऐकणं, दोन्हीकडून तिथेच जातात. बाबा म्हणायचे, तुझ्या रस्त्याचा नकाशा दाखव. आई म्हणायची, आधी वाढा, भात गार होतोय.

मी ताईला कानाचं आणि मेंदूचं सगळं शास्त्र सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या पेशंटला सूर ऐकू येत नाही, म्हणून तुझं मशीन वाजत नसतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण दोघी बहिऱ्या आणि बाबांना ऐकू येतंय, असंही असेल ना?"

  बाबांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण ताई गेल्यावर म्हणाले, "मशीन वाजतंय की नाही, हे तिसऱ्या माणसाला विचारता येतं. फरक तेवढाच आहे. पण तिने प्रश्न चांगला विचारला."

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी प्रयोग मांडला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जान आली. "आवाज बाहेरचा असेल तर कानात बोळे घातल्यावर कमी व्हायला हवा. आतला असेल तर तसाच राहील, किंवा वाढेल. आधी अंदाज लिहा, मग बघू. नंतर लिहिलेला अंदाज म्हणजे नापास मुलाची सबब." ताईने लिहिलं, कमी होईल. मी लिहिलं, वाढेल. बाबांनी काही लिहिलं नाही. परीक्षक उत्तरपत्रिका लिहीत नाही म्हणाले.

साडेतीनला कापूस घालून खुर्चीत बसले. आम्ही दोघी दिवाणावर. घरात एवढी शांतता होती की ताईच्या बांगड्या वाजल्या तरी मी दचकत होते. तीन चाळीसला बाबांचा हात वर गेला, ठरल्याप्रमाणे. मग बोटं उघडली, एक, दोन, तीन. तीन म्हणजे नेहमीपेक्षा मोठा.

"वाढला," कापूस काढत म्हणाले. "फार जवळून आला. आवाज आतला आहे, पोरींनो."

मी जिंकले होते. पण घरात कुणीतरी परत गेल्यासारखं झालं.

ताई म्हणाली, "आतला म्हणजे खोटा का, बाबा?"

"खोटा नाही म्हणत मी. आतला म्हणतो."

"आई जो आवाज ऐकायला पहाटे बसायची, तोही आतच होता."

बाबा हसले नाहीत. एरवी हसले असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मशीन आलं. उद्या-परवा बसवीन.

जेवताना बाबांनी विचारलं, "हाक साधारण किती डेसिबलची असते?" मला बरं वाटलं. आवाजाबद्दल शास्त्रीय बोलायला लागले म्हणजे माणूस ताळ्यावर येतोय.

मी म्हटलं, एका मीटरवर सत्तर धरा. अंतर दुप्पट झालं की सहा कमी.

"इथलंच उदाहरण घे. ओट्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत."

"आठ मीटर. तीनदा दुप्पट, अठरा गेले. दार लोटलेलं असेल तर आणखी दहा. उरले बेचाळीस."

"भिंतींचं घुमणं धरलं नाहीस."

"बरं, पंचेचाळीस."

"आणि मला किती लागतात?"

"साठच्या खाली तुम्हाला काही नाही."

"म्हणजे ऐकू येणार नाही."

"शक्यच नाही," मी म्हटलं, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं. "कुणी कितीही हाका मारल्या तरी नाही."

त्यांनी मान हलवली आणि आमटी न घेताच उठले. भूक कमी झालीय का, यावर लक्ष ठेवायला हवं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज अर्धी रजा घेतली. घरातल्या आवाजाची पातळी मोजून ठेवलेली बरी, पुढे तुलनेला उपयोगी पडते. साडेतीन ते सव्वाचार आवाज मोजायचा मीटर घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. एकतीस डेसिबल. बत्तीस. फ्रिज सुरू झाला की अडतीस. तीन बेचाळीसला आकडा एकदम अठ्ठेचाळीसवर गेला आणि परत आला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बाहेरचं वाहन असावं.

रेकॉर्डिंगही केलं होतं. दवाखान्यातला चांगला हेडफोन घरी आणला होता, त्यावर पंचेचाळीस मिनिटं पूर्ण ऐकलं, मग शेवटची दहा मिनिटं परत. रिकाम्या स्वयंपाकघराचा एक आवाज असतो. हे मला माहीत नव्हतं.

बाबांना विचारलं, आज आली होती का. हो म्हणाले. मी विचारलं, कधी कुणाचं नाव वगैरे घेते का, म्हणजे माझं, ताईचं, कुणाचंही. नोंदीसाठी लागतं. ते म्हणाले, "नाही गं. गाते फक्त." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. का ते कळलं नाही.

मशीन अजून बसवलेलं नाही. डाव्या कानाचा साचा मला जरा सैल वाटतोय.

१ मार्च, शनिवार

दवाखान्यातले आमचे डॉक्टर आज माझ्या टेबलाशी आले. खणातला बाबांच्या मशीनचा डबा त्यांनी उघडलेला असावा.

"वडिलांचं मशीन दहा दिवस पडून आहे."

"साचा सैल आहे, सर."

"मी बघितला. साचा उत्तम आहे." मग म्हणाले, "तुमच्याकडून अशी दिरंगाई मी पहिल्यांदा बघतोय."

सोमवारी नक्की.

४ मार्च, मंगळवार

सोमवारी नाही बसवलं. आणि आज हे.

बाबांनी दूध तापत ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच. ताई सहज म्हणून आली तेव्हा दारातच तिला वास आला. तिने आधी गॅस बंद केला, मग सगळ्या खिडक्या उघडल्या. बाबांचा चेहरा दाराकडेच होता. ताईला वाटलं आपल्याकडेच बघतायत. ते बघत नव्हते. ऐकत होते.

ताईने फोनवर मला एकच विचारलं, "तो फुसफुस आवाज मशीन असतं तर त्यांना ऐकू आला असता का?"

"आला असता."

"मशीन कधी आलं?"

मी सांगितलं.  मग ताई म्हणाली, "मी विश्वास ठेवणारी. माझ्या हातून ही चूक झाली असती तर समजण्यासारखं होतं."

टोमणा नव्हता तो. नुसतं आश्चर्य होतं. म्हणूनच जास्त लागलं. साचा सैल नव्हता. एवढंच लिहिते.

५ मार्च, बुधवार

सकाळी बसवलं. बाबांनी आधी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं. "हा आवाज करतो?" मग घड्याळाकडे, मग खिडकीकडे. चिमण्या होत्या. "एवढा कालवा करत होत्या का ह्या इतकी वर्षं?" रस्त्याने चालताना स्वतःच्या चपलांना दोनदा थांबून ऐकलं. मला हसू येत होतं.

दुपारी मी घरीच होते. साडेतीन वाजले, चार वाजले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज पुसट होतं. भिंतीपलीकडचं असल्यासारखं."

१४ मार्च, शुक्रवार

थांबलं. सलग तीन दिवस काही नाही. नऊ दिवसांत थांबलं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

आईला मी दोनदा घालवली, एकदा त्या कापसाच्या प्रयोगाने आणि आता मशीनने, असं काहीतरी मनात येत राहतं. हे शास्त्रीय विधान नाही, ठाऊक आहे.

२३ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं, जसंच्या तसं.

ताई आली होती. तिघं बसलो होतो. मी सहज म्हटलं, बरं झालं ना बाबा, गाणं थांबलं. बाबा म्हणाले, "गाणं थांबलं. हाक थांबलेली नाही."

"कसली हाक?"

त्यांनी वही मागितल्यासारखा हात पुढे केला आणि मागे घेतला. "तुला सगळं सांगितलं नव्हतं. गाणं संपलं की ती हाक मारायची. एकदाच. मशीन लावल्यापासून गाणं गेलं. हाक रोज येते. चारला दहा कमी असताना. मशीन असलं तरी आणि काढलं तरी."

मी म्हटलं, असं होत नाही, दोन्हीही थांबायला हवं. ते म्हणाले, "मग तुझा सिद्धांत अर्धा बरोबर आहे. निम्मे गुण."

मग खाली बघत बोलायला लागले. "मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, की त्या दिवशी मी चार वाजता आत गेलो आणि ती पडलेली दिसली. मी चार वाजता गेलो नव्हतो. पावणेपाचला गेलो. चहाची वाट बघत बसलो होतो. चार वाजून गेले, चहा नाही. सव्वाचार झाले. मी चिडलो होतो, पोरींनो. मनात म्हणत होतो, बसली असेल डोळे मिटून, हिला माझ्या चहाची काय पडलीय. पुढ्यात शब्दकोडं होतं, ते सोडवत बसलो. सगळं सोडवलं. उठलो तो भांडायलाच उठलो."

स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला आणि बाबांनी तिकडे चमकून पाहिलं.

"तिने हाक मारली असेल का? मला एवढंच हवंय. ती आत आठ मीटरवर होती, दार लोटलेलं होतं. तिने हाक मारली असेल तर पंचेचाळीस इथवर आले आणि माझ्या कानाशी येऊन थांबले. आणि मारली नसेल, तर मग रोज ऐकतो ते काय?"

तेव्हा मला कळलं. तो आलेख, सात-आठ वर्षं, ओट्यापासून खुर्ची. सगळं गणित त्यांनी माझ्याकडून मांडून घेतलं होतं आणि मी मोठ्या ऐटीत सांगत गेले होते. शक्यच नाही, कितीही हाका मारल्या तरी नाही, असं मी म्हटलं होतं. माझ्या तोंडाने. जेवताना.

ताई उठून त्यांच्या पायाशी बसली. "आईने हाक मारलीच नाही, बाबा. ती एका क्षणात गेली. मला माहीत आहे."

"कसं माहीत?"

"माहीत आहे."

बाबांनी तिच्या केसांवर हात ठेवला. "तुझं माहीत असणं आणि हिचं माहीत असणं, यात मी जन्मभर हिच्या बाजूने उभा राहिलो. आज तुझ्या बाजूला यावंसं फार वाटतंय. पाय उचलत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "तू मोजणारी. तू सांग."

मला सांगता आलं असतं. अशा वेळी तोंडातून शब्द निघत नाही, वैद्यकशास्त्रात सिद्ध झालंय, असं म्हणता आलं असतं. त्यांनी माझं ऐकलंही असतं. ताईचं बोलणं त्यांना नुसतं गोड लागलं, माझं औषधासारखं लागू पडलं असतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "माहीत नाही, बाबा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "हं," म्हणाले. "तू हो म्हणाली असतीस किंवा नाही म्हणाली असतीस, तर मी तुला विचारणंच सोडलं असतं."

ताई माझ्याशी न बोलता गेली.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरांना विचारलं. आईला आला तशा झटक्यात माणसाला हाक मारता येते का? ते म्हणाले, कुणाला येते, कुणाला येत नाही. कुणाला एकदाच येते. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घरच्यांना आम्ही सांगतो की क्षणात गेले, त्रास झाला नाही. नव्वद टक्के वेळा आम्हालाही ठाऊक नसतं."

म्हणजे डॉक्टर त्या वेळी तेच करतात जे ताईने केलं. दोन्ही वाटा सारख्याच खऱ्या असतात का, असं कुणी मला विचारलं तर मी आजही नाही म्हणेन. माझ्या वाटेवर चूक सापडते आणि मान्य करावी लागते. पण ती वाट त्या दाराशी येऊन थांबली, आणि दारापलीकडे चारला दहा कमीपासून पावणेपाचपर्यंतची पंचावन्न मिनिटं आहेत ज्यांचं काय झालं हे मोजायला तिथे कुणीच नव्हतं. आई सोडून. ताईचं दिव्याएवढं धैर्य घेऊन त्या अंधारात जाता येतं का, ते मला माहीत नाही. मला जाता येत नाही, आणि बाहेर उभं राहवतही नाही.

ताईला फोन केला. तिने उचलला. आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोललो.

६ एप्रिल, रविवार

बाबा म्हणाले, "गणित झालं, प्रयोग राहिलाय. मला मशीन काढून खुर्चीत बसव. तू आत ओट्यापाशी उभी राहा, दार लोटून घे आणि हाक मार. हळू आवाजापासून सुरुवात कर. ताई माझ्याजवळ बसून लिहील."

मी म्हटलं, "कशाला, बाबा? उत्तर माहीत आहे ना आपल्याला."

"कागदावर माहीत आहे."

आणि म्हणाले, तुझ्या आईच्या शब्दांत मार. मी म्हटलं, मी 'बाबा' अशीच मारते ना हाक. "नको. शब्द बदलला की आवाजाचे घटक बदलतात. प्रयोग बिघडेल." हे खरं आहे, घटक बदलतात. मी वाद घातला नाही.

आत गेले, दार लोटलं, मीटर ओट्यावर ठेवला. बापाला तशी हाक मारायला जीभ वळेना. खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता, आई पडली होती त्याच जागी. मी त्यात पाय ठेवला नाही. मग म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

काही नाही. ताईने ठरल्याप्रमाणे उठून दारावर एकदा टकटक केलं. म्हणजे ऐकू आलं नाही, पुढची.

"अहो, ऐकलंत का?" टकटक. प्रत्येक वेळी आवाज चढवत गेले. पासष्ट, अडुसष्ट, बाहत्तर. सहाव्या हाकेला माझा आवाज माझा राहिला नाही. घाबरलेल्या बाईचा झाला, कुठेतरी धरून उभी असलेल्या. मी मुद्दाम केलं नव्हतं. टकटक. आठव्याला मी ओरडले. शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज आला. टकटक. नवव्याला मीटरचा आकडा मला दिसतच नव्हता. दाराच्या पलीकडे ताई रडतेय हे ऐकू येत होतं. मला ऐकू येत होतं, तिच्या शेजारी बसलेल्या त्यांना नाही.

बाहेर आले तेव्हा बाबा पाठमोरे बसले होते, मान थोडी तिरकी, कान देऊन. हात मांडीवर. सगळा वेळ तो हात उचलायला तयार ठेवलेला होता, हे मला बोटांवरून कळलं. ताईने कागद पुढे केला. नऊ फुल्या.

बाबांनी कागद वाचला. "म्हणजे मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही," म्हणाले. नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्यावर हा आरोप कोण करत होतं ते कळलं.

"नाही, बाबा. हे मात्र मी खात्रीने सांगते."

"हं. एवढं पुरे." मग मशीन हातात घेतलं आणि स्वतःच कानांत बसवलं, आधी उजवं, मग डावं. "आता एकदाच. हळूच मार. ती मारायची तशी."

मी परत आत गेले. दार लोटलं. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते. ते मी ठरवलं नव्हतं, त्यांनीही ठरवलं नसावं. ताई म्हणते ते कुणीतरी ठरवलं होतं. मी मीटर सुरूच केला नाही. पुटपुटल्यासारखं, भांडी पुसता पुसता म्हणावं तसं म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

"ओ," बाहेरून आवाज आला. खुर्ची सरकली. पावलं वाजली, आठ मीटरची, म्हाताऱ्या माणसाची पण घाईची. दार उघडलं.

बाबा उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली, उन्हाच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "आलो गं. जरा उशीर झाला."

मी म्हटलं, चालेल बाबा, काही उशीर नाही, आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं.